हलत्या हाताचा मान

सुशांत दात करायचा. खोटे दात. अंधेरी पूर्वेला एका इंडस्ट्रियल इस्टेटमधल्या गाळ्यात डेंटल लॅब होती. लॅब विद्याधर सरांची, हात सुशांतचे. डॉक्टरांकडून पेशंटच्या तोंडाचं माप यायचं. त्यावर प्लास्टरचा जबडा ओतायचा आणि पडलेल्या दाताच्या जागी मेणाचा दात कोरायचा. पुढे त्या मेणावरून पक्की कॅप व्हायची. हल्ली हे काम बहुतेक ठिकाणी कॉम्प्युटर करतो. तरी काही जुने डॉक्टर निरोप पाठवायचे, दाढ सुशांतलाच करू दे.

दाढ सगळ्यात अवघड. तिच्यावर टेकाडं असतात, घळी असतात. वरच्या दाढेचं टेकाड खालच्या दाढेच्या घळीत बसावं लागतं. केसभर चुकलं तरी माणसाचं तोंड नीट मिटत नाही. तो डोकं धरून बसतो आणि डॉक्टरला शिव्या घालतो. "आपल्यापर्यंत शिव्या पोचत नाहीत," सुशांत म्हणायचा, "फक्त दात परत येतो." परत आलेल्या दाताला लॅबमध्ये रिमेक म्हणतात. सुशांतचे रिमेक जवळजवळ नसायचेच.

त्या वर्षी ते यायला लागले.

एका दुपारी विद्याधर सरांनी एक कॅप त्याच्या टेबलावर ठेवली.

"ही दाढ आहे की जोगेश्वरीची गुंफा?"

"हात घसरला सर."

"तुझा?" सर हसले. मग हसायचे थांबले. सुशांतच्या डाव्या हाताची बोटं टेबलाच्या कडेवर हलत होती. एकामागून एक, पेटी वाजवल्यासारखी. त्याचं तिकडे लक्षच नव्हतं. सर कुठे बघतायत ते बघून त्याने खाली पाहिलं आणि हात मांडीखाली दाबून धरला.

असं बसणं त्याच्या ओळखीचं होतं. बाबा असेच बसायचे.

त्यांचं गाव तळकोकणात. आजोबा गिरणीत लागले तेव्हापासून घर मुंबईत आणि देव गावात, अशी वाटणी झालेली. जोगेश्वरीत गावाच्या मंडळाची एक खोली होती. गावचा कोणी पोरगा नोकरी शोधायला आला की तिथे पथारी टाकायचा. खोलीत ग्रामदेवतेचा फोटो होता आणि फोटोशेजारी लाल कापडात गुंडाळलेला वेत. दसऱ्याला ज्यांना गावी जाता येत नसे ते या खोलीत जमायचे. वेत ज्याच्या हातात, त्याच्या अंगात त्या संध्याकाळी देव यायचा. त्याला अवसर म्हणतात. लोक अवसरासमोर वाकायचे आणि आपली अडचण विचारायचे. तो सांगेल तो शेवटचा शब्द.

वेताचा मान सुशांतच्या घराण्यात होता. पण बापाकडून थोरल्या मुलाकडे असा तो जात नसे. घराण्यात ज्याचा हात आधी हलेल, त्याच्याकडे जायचा. देव आपला माणूस आपण निवडतो, असं सगळे मानत. आजोबांचा हात हलला. मग थोरल्या काकांचा, श्यामसुंदर यांचा. ते गेल्यावर सुशांतच्या बाबांचा, धोंडिरामचा. आत्याचाही हलायचा. पण बाईच्या हातात वेत देत नाहीत, म्हणून तिच्यात देव कोंडला गेलाय, असं म्हणायचे. ती फार हाल होऊन गेली.

धोंडिरामच्या अंगात सुरुवातीला देव दसऱ्याला यायचा आणि नारळ फुटला की जायचा. मग तो जाईनासा झाला. दिवाळीतही खांदा उडायचा. शिमग्यापर्यंत मान वळायला लागली. चालताना पाय नाचल्यासारखा पडायचा. गोरेगावच्या कंपनीने त्याला वॉचमनच्या नोकरीवरून काढलं, दारू पितो म्हणून. तो दारूला शिवत नसे. चाळीत मात्र शेजारणी येता-जाता त्याच्या पाया पडायच्या. नलिनी, सुशांतची आई, रोज दिवेलागणीला त्याच्यासमोर उदबत्ती लावायची. तो चिडायचा. ताट भिरकावायचा. एकदा तांब्या तिच्या कपाळावर बसला. तिने रक्त पुसलं, त्याच्यासमोर नारळ ठेवला आणि काय चुकलं म्हाराजा, असं विचारलं.

शेवटी त्याला गिळता येईना. पेज छातीत गेली. डॉक्टरने दाखल्यावर न्यूमोनिया लिहिला. तो खोटा नव्हता.

सुशांत तेव्हा कॉलेजात होता. खांदा देताना त्याच्या कानावर पडलं, "देवमाणूस गेला." त्याला बरं वाटलं होतं.

विद्याधर सरांनी त्याला मेंदूच्या डॉक्टरांकडे पाठवलं. स्वतः सोडून आले, तो पळू नये म्हणून. डॉक्टरांनी त्याला सरळ रेषेत चालायला सांगितलं, जीभ बाहेर काढून ठेवायला सांगितली. जीभ आत जात राहिली. मग घरातल्यांबद्दल विचारलं. तो सांगत गेला. आजोबा, काका, आत्या, बाबा. सांगता सांगता तो स्वतःच थांबला. देवाने निवडलेल्या माणसांची नावं एकामागोमाग एक, पहिल्यांदाच एका दमात, त्याच्या तोंडून निघाली होती.

डॉक्टरांनी त्याला त्याच हॉस्पिटलात उत्तराताईंकडे पाठवलं. आनुवंशिक आजारांच्या घरांशी बोलायचं, हे त्यांचं काम. रक्त तपासण्याआधी त्यांनी त्याला परत पाठवलं. घरी जा, विचार करा, कळून घ्यायचं आहे का ते ठरवा. नको असेल तर तेही चालेल. तो गेला, आणि परत आला. रिपोर्ट आला तेव्हा ताईंनी आधी दार लावून घेतलं. मग आजाराचं नाव सांगितलं. हंटिंग्टन.

तो म्हणाला, "आत काय होतं ते सांगा. मला कसं बनतं ते कळल्याशिवाय काही कळत नाही."

"आपल्या प्रत्येक पेशीत प्रथिनं बनतात," उत्तराताई म्हणाल्या. "आधी नुसता एक लांब धागा असतो. मग तो वळतो, दुमडतो आणि त्याला आकार येतो. काम करतो तो आकार."

"दातासारखं. मेण सगळं एकच. बसतो तो आकार."

"हो, अगदी. तुमच्या घराण्यात एका प्रथिनाच्या कृतीत एक तुकडा नको तितक्या वेळा आलाय. त्यामुळे धाग्याचं एक टोक लांबतं. तो नीट दुमडत नाही. चिकट होतो. असे चुकलेले धागे एकमेकांना धरतात, त्यांचे गोळे होतात. पेशी ते साफ करत राहते. बरीच वर्षं तिला जमतं. मग तिची साफसफाईच तुंबते. बाकीची कामं अडतात. मेंदूत आत, हालचालींना लगाम घालणाऱ्या चेतापेशी असतात. त्या आधी मरतात."

"त्याच का?"

"ते अजून पुरतं कळलेलं नाही. मोठे गोळे जास्त घातक की गोळे होण्याआधीचे छोटे तुकडे, यावरही वाद आहे. पण लगाम गेला की हात आपल्या मनाने चालतो. मनावरही परिणाम होतो. माणूस चिडका होतो. ते त्याच्या हातात नसतं."

सुशांतला तांब्या आठवला.

"रिमेक?" त्याने विचारलं. त्यांना शब्द कळला नाही. त्याने समजावला.

"नाही," त्या म्हणाल्या. "मेलेली चेतापेशी परत येत नाही. हालचाल कमी करायची औषधं आहेत. मूळ आजार थांबवणारं काही अजून हातात नाही." मग त्यांनी विचारलं, "घरात अजून कोण आहे?"

"आई. ती बाहेरून आलेली. आणि चुलतभाऊ, प्रीतम. श्यामसुंदरकाकांचा."

"काकांना होता. म्हणजे प्रीतमला असण्याची शक्यता अर्धी. नसण्याचीही अर्धीच. लग्न झालंय?"

"झालंय. मूल हवंय त्यांना. दवाखाने चाललेत."

"मग त्यांना आत्ताच कळायला हवं. हल्ली गर्भ रुजवण्याआधी तपासता येतो. मूल या आजाराशिवाय जन्माला येऊ शकतं. पण त्यासाठी आधी माहीत हवं. हे मी त्यांना परस्पर सांगू शकत नाही. तुम्हीच सांगू शकता."

सुशांत हो म्हणाला. त्या क्षणी ते सोपं वाटलं.

प्रीतम त्याच्यापेक्षा थोडा लहान. दोघे एकाच ताटात जेवून वाढलेले. प्रीतम रिक्षा चालवायचा आणि दिवसभर बडबडायचा. एका संध्याकाळी दोघे स्टेशनबाहेर चहाच्या टपरीवर उभे होते. सुशांतने मनात वाक्य जुळवलं. कटिंगचा ग्लास उचलला. चहा त्याच्या शर्टावर सांडला.

प्रीतमने हाताकडे पाहिलं. "अरे तिच्यायला! तुझा हलायला लागला की रे!"

"प्रीत्या, ऐक ना..."

"काय ऐक? किती वर्षं वेत तसाच पडलाय! मला वाटलं घराणं संपलं आपलं. झकास!" त्याने सुशांतला मिठी मारली. मग मागे सरून खोटं तोंड वाकडं केलं. "साला नशीब बघ. देव तुझ्याकडे आणि मीटर माझ्याकडे."

टपरीवाला हसला. सुशांतही हसला. जुळवलेलं वाक्य चहाबरोबर गेलं.

त्यानंतर तो सांगायला दोनदा प्रीतमच्या घरी गेला. एकदा अनुपमा, प्रीतमची बायको, इंजेक्शन घेऊन आली होती आणि आडवी पडली होती. ती उठून त्याच्या पाया पडली. याआधी ती त्याला "भावोजी, हात धुतले का?" म्हणून दटावायची. दुसऱ्यांदा तो जिन्यातूनच परत फिरला. तोवर प्रीतमने मंडळाच्या दशरथनानांना कळवलं होतं. नाना गाऱ्हाणं घालायचे, म्हणजे सगळ्यांच्या वतीने देवाशी बोलायचे. नानांनी निरोप पाठवला. दसऱ्याला ये. वेत तुझा.

सुशांतने ठरवलं. जायचं, आणि वेत घ्यायचा नाही.

दसऱ्याच्या संध्याकाळी खोली भरली होती. दाराबाहेर चपलांचा ढीग. आत झेंडूचा आणि उदाचा वास. बायका भिंतीला टेकून बसल्या होत्या, त्यांत नलिनी पुढे. तिने ठेवणीतलं लुगडं नेसलं होतं. नवरा गेल्यापासून ती या खोलीत पुढे बसली नव्हती.

"नाना, मी वेत घेणार नाही," सुशांत दारातच म्हणाला.

"सगळे असाच म्हणतत," नाना म्हणाले. "तुझो बापूस तर पळान गेल्लो. बस हय."

कोणीतरी त्याला फोटोसमोर बसवलं. नानांनी हात जोडले आणि आवाज चढवला.

"बा देवा म्हाराजा! आज तुझी लेकरां ह्या मुंबयच्या खोलयेत जमली आसत..."

"व्हय म्हाराजा!" खोली म्हणाली.

"त्येंची जी काय इडापिडा आसात ती भायर काढ..."

"व्हय म्हाराजा!"

"आणि ज्येका तू निवडलंस, त्येच्या हातात आपलो वेत घे..."

नानांनी वेत त्याच्या मांडीवर ठेवला. सुशांतने तो बाजूला करायला हात पुढे केला. हात वेताला लागला आणि उडाला. त्याला माहीत होतं, घाबरलं की जास्त उडतो. खांदाही उडाला. मान वळली. वेत जमिनीवर खडखडला.

"इलो!" कोणीतरी ओरडलं. बायका वाकल्या.

त्याला सगळं स्वच्छ दिसत होतं. पंख्याची पाती दिसत होती. भिंतीवरचं कॅलेंडर दिसत होतं. आत कोणीही आलेलं नव्हतं. खोलीतल्या इतक्या माणसांत तो एकटा शुद्धीवर होता, आणि त्याला थांबता येत नव्हतं.

प्रीतम पुढे आला. मागे अनुपमा. दोघं गुडघ्यांवर बसली. प्रीतमने कपाळ जमिनीला टेकलं. या माणसाने लहानपणी सुशांतच्या डोक्यावर गोटा मारला होता.

"देवा म्हाराजा," प्रीतमचा आवाज फाटला, "आमका पोर होतला काय?"

होतला म्हटलं असतं तर संपलं असतं. सगळे हेच ऐकायला बसले होते. अनुपमाने डोळे मिटून घेतले होते. तिच्या दंडावर इंजेक्शनचा निळा डाग होता. सुशांतने तो पाहिला. होतला म्हटलं की ते मूल येईल. या घराण्यात येईल. आणि कदाचित एक दिवस त्याचाही हात हलेल. मग लोक टाळ्या वाजवतील.

"प्रीत्या, उठ," तो म्हणाला. जीभ जड झाली होती. "हो देव न्हय रे. हो मी आसंय. सुशांत."

दशरथनाना मान डोलवून म्हणाले, "ऐकलास? देव म्हणता, मी आणि हो एकच."

"व्हय म्हाराजा!"

सुशांतला हसू आलं आणि रडूही आलं. त्यातलं नेमकं काय चेहऱ्यावर दिसलं कोण जाणे. त्याने प्रीतमचं मनगट धरलं.

"उद्या माझ्यासोबत चल. दोघं या. तिथे सांगतो."

"देवाचा शब्द," प्रीतम म्हणाला.

घरी आल्यावर नलिनीने लुगडं बदललं नाही, दिवा लावला नाही. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून राहिली.

"तू खोटा बोललंस नाय," ती म्हणाली. "माका कळला. तुझ्या डोळ्यांत तूच होतंस."

त्याने तिला सांगितलं. प्रथिन, धागा, गोळे. तिला किती कळलं, त्याला कळेना. ती ऐकत राहिली. मग हात उचलून तिने कपाळावरचा जुना व्रण चाचपला.

"म्हणजे तुझो बापूस..."

"त्यांनाही हेच होतं, आई."

"सुरवातीकसून?"

"सुरुवातीला देव यायचा की नाही, मला नाही सांगता येणार. नंतरचं सगळं आजार होतं."

"मगे मी इतकी वर्सां कोणाच्या पाया पडत होतंय?" ती म्हणाली. "त्येका तहान लागली तर मी उपास धरूक लावी. देवाक पाणी चलणा नाय, म्हणान. तो पाणी मागी, रे. मी तीर्थ दी. चमच्यान."

सुशांत तिच्याजवळ खाली बसला. तिने विचारलं, "आणि तू?"

"मीही, आई."

ती उठली. माठातून पाणी काढलं, पेला काठोकाठ भरला आणि त्याच्या हातात दिला. पेला हलायला लागला तसा तिने तो खालून धरला. तो पूर्ण पिईपर्यंत तिने हात काढला नाही.

दुसऱ्या दिवशी प्रीतम आणि अनुपमा हॉस्पिटलात आली. देवाने बोलावलं म्हणून प्रीतमने नारळ आणला होता. उत्तराताईंच्या दाराबाहेर त्याने चपला काढल्या.

"प्रीत्या, घाल त्या. हॉस्पिटल आहे."

"तू बोलू नको. आज तू मोठा माणूस आहेस."

सुशांतने त्यांना बाकावर बसवलं. आत जायच्या आधीच त्याने सांगून टाकलं. वाक्य जुळवलं नाही. आजाराचं नाव आधी, मग आजोबा, काका, आत्या, बाबा, आणि आपण स्वतः. प्रीतमचा चेहरा हळूहळू उतरत गेला. मग तो एकदम लाल झाला.

"म्हणजे माझा बाप वेडा होता?"

"वेडा नाही. आजारी."

"देव होता तो! लोक लांबून यायचे त्याच्या पाया पडायला! तुला मान मिळाला आणि तू तोच मोडतोयस? जळतोस काय, तू मेल्यावर तो माझ्याकडे येईल म्हणून?"

समोरची पेशंट मंडळी बघायला लागली. अनुपमा खाली फरशीकडे बघत होती.

"तुला असेलच असं नाही," सुशांत म्हणाला. "अर्धी शक्यता आहे. कळून घ्यायचं नसेल तर नको घेऊ. पण मूल व्हायच्या आधी तुला माहीत असायला हवं होतं. मला टपरीवरच सांगायचं होतं. जमलं नाही."

"काल सगळ्यांसमोर 'होतला' म्हणाला असतास तर काय जात होतं तुझं?" प्रीतमचा आवाज आता बारीक झाला. "मी पेढे वाटले असते, यार."

"माहीत आहे."

अनुपमा उठली. तिने पदर खोचला. "मी आत जाते," ती म्हणाली. "इंजेक्शनं मला टोचतात. मला ऐकायचंय." ती दार लोटून गेली. कोणाला विचारलं नाही.

दोघे भाऊ बाकावर राहिले. प्रीतमने नारळ सुशांतच्या मांडीवर आपटल्यासारखा ठेवला. "धर तुझा." सुशांतने धरायला हात घातला. हात उडाला. नारळ फरशीवर पडून गडगडत गेला आणि व्हीलचेअरच्या चाकाला अडला. कोणी वाकलं नाही. कोणी हात जोडले नाहीत. एका म्हातारबुवांनी तो उचलून खिडकीत ठेवला आणि परत आपल्या जागी बसले.

प्रीतम त्या हाताकडे बघत होता. बोटं हवेत पेटी वाजवत होती. काल त्याने याच हातासमोर कपाळ टेकलं होतं.

"दुखतं का रे?" त्याने विचारलं.

"नाही. दमतो फक्त."

प्रीतमने तो हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि मांडीवर दाबून धरला. मग डाव्या हाताने धरून ठेवला आणि उजवा हात सरळ समोर केला. बोटं पसरली. बराच वेळ तो आपल्याच बोटांकडे बघत राहिला. ती हलत नव्हती. ती हलत नाहीत, यावरून काहीच ठरत नाही, हे त्याला आता माहीत होतं.

दार उघडलं. अनुपमा दारात उभी होती. डोळे लाल, आवाज नेहमीचा.

"चपला घाला आणि आत या," ती नवऱ्याला म्हणाली. "कळून घ्यायचं का, ते ताई तुम्हालाच विचारणारेत. माझं मी सांगितलंय." मग सुशांतकडे वळली. "भावोजी, तुम्ही पण या. यांना धरायला कोणीतरी लागेल."

प्रीतमने चपला घातल्या. सुशांतचा हात सोडला नाही. त्यामुळे दोघांनाही दारातून तिरकं होऊन आत जावं लागलं.